गाडगेबाबांच्या कीर्तनांतील अर्थविचार : एक चिकित्सा

१

संत गाडगेबाबांच्या कीर्तनांचा विचार आजवर बहुधा तीन अंगांनी झालेला आहे. कोणी त्यांकडे वारकरी परंपरेचा अर्वाचीन आविष्कार म्हणून पाहिले, कोणी समाजसुधारणेचे साधन म्हणून, तर कोणी लोकनाट्याला जवळचा असा एक वाङ्मयप्रकार म्हणून. या तिन्ही दृष्टी आपापल्या जागी योग्यच होत. परंतु या कीर्तनांचा मोठा भाग ज्या विषयाने व्यापलेला असे तो विषय म्हणजे पैसा. तो कशावर खर्चावा, कशावर खर्चू नये, कोणाकडून मुळीच घेऊ नये, आणि हाती चार रुपये उरलेच तर ते कोठे घालावेत, हे बाबा श्रोत्यांना जितक्या तपशिलाने सांगत तितक्या तपशिलाने त्यांनी मोक्षाचे स्वरूपही सांगितलेले नाही. या अंगाकडे अभ्यासकांनी फारसे स्वतंत्र लक्ष दिलेले दिसत नाही. ‘बाबांनी काटकसरीचा उपदेश केला’ या एका वाक्यात त्याची बोळवण होते.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ‘काटकसर’ हा शब्द येथे अपुरा आहे. बाबांच्या बोलण्यात बचत, कर्ज व गुंतवणूक यांविषयी एक सुसंगत भूमिका आहे. परंतु ती केवळ कीर्तनाच्या संहितेत शोधू गेल्यास अर्धीच सापडते. तिचा उरलेला अर्धा भाग त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत आहे. कीर्तन आणि धर्मशाळा ही दोन्ही एकत्र वाचली नाहीत, तर बाबांच्या विचाराचा विपर्यास होतो. हा विपर्यास आज आपल्याच प्रदेशात, शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा चालू असता, वारंवार होत आहे. म्हणून हा प्रश्न केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा राहिलेला नाही.

बाबांचे देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजी, प्रवासात असताना, अमरावतीनजीक वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ झाले. त्यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ झाला तो पूर्णेच्या काठी, ऋणमोचन येथे. पेढी ही पूर्णेचीच उपनदी. पौष महिन्यात ऋणमोचनला यात्रा भरते, आणि गावाच्या नावाचा अर्थ ऋणातून सुटका असा आहे. तेथे ऋण म्हणजे अर्थातच देवऋण, पितृऋण इत्यादी शास्त्रोक्त ऋण अभिप्रेत असावे. परंतु त्या यात्रेस येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जे दुसरे ऋण असे, सावकाराच्या वहीतले, त्याची चर्चा तेथे उघडपणे होऊ लागली ती या चिंध्या पांघरलेल्या माणसामुळे.

२

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी साधनांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. बाबांनी स्वतः काही लिहिले नाही. त्यांची कीर्तने ऐकणाऱ्यांनी टिपून ठेवली किंवा आठवणीने सांगितली. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले चरित्र बाबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले. गो. नी. दांडेकर यांनी तरुणपणी बाबांच्या सहवासात काळ घालविला होता, व त्यांच्या चरित्रलेखनाला त्या सहवासाचा आधार आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथील पोलीस ठाण्यात झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात राहिले आहे. ते बाबांचे अखेरचे कीर्तन म्हणून ओळखले जाते. लिखित वृत्तांतांत भाषा बहुधा शुद्ध करून घेतलेली असते. ध्वनिमुद्रणात मात्र बोलीचा ठसका, मध्येच येणारा नामाचा गजर, आणि श्रोत्यांचे उत्तर ही तिन्ही ऐकू येतात. म्हणून पुढील विवेचनात कोणत्याही एका वाक्याच्या नेमक्या शब्दांवर भर न देता, अनेक वृत्तांतांत समान आढळणाऱ्या आशयावरच भर दिलेला आहे.

३

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली होती. वऱ्हाडात असे दंगे उसळले नाहीत; पण तेथील आर्थिक घडामोडी काही कमी तीव्र नव्हत्या. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव एकाएकी चढले. १८६७ साली लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. मात्र तोपर्यंत युद्ध संपून भाव उतरू लागले होते. ज्वारीची काही जमीन कापसाखाली गेली, ती सारीच्या सारी परत आली नाही. जमीनधारा रोख रकमेत द्यावयाचा, जमीन गहाण टाकता येते व विकता येते, आणि पिकाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, अशी नवी व्यवस्था वऱ्हाडात स्थिर झाली. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारच्या व्यवस्थेचा तो आरंभ होय. परंतु तिचे मुख्य प्रयोजन गिरण्यांना चांगला कापूस नियमित मिळावा हे होते. शेतकऱ्याच्या घरातील जमाखर्चाशी तिला कर्तव्य नव्हते. पुढे १८९९–१९०० च्या दुष्काळाने या व्यवस्थेचे दुबळेपण पुरतेपणी उघडे केले.

या पार्श्वभूमीवर चरित्रकारांनी सांगितलेली बालपणाची हकीकत महत्त्वाची ठरते. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनाने अकाली वारले. आई सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन मूर्तिजापूर भागातील दापुरे येथे माहेरी आली. मामाची शेती चांगली होती. मामाने सावकाराकडून रक्कम उचलली. विश्वासावर हप्ते भरले, पण पावत्या घेतल्या नाहीत, कारण लिहितावाचता येत नव्हते. कर्ज फिटले असे घरच्यांना वाटत होते, आणि वहीत ते वाढत होते. शेवटी शेत गेले, व त्या धक्क्याने मामाही खचून गेला.

या कथेत तीन गोष्टी एकत्र आहेत. व्यसनाने गेलेला पैसा, कर्जाने गेलेली जमीन, आणि निरक्षरतेमुळे न कळलेला हिशेब. बाबांच्या पुढील सर्व अर्थविचाराचे हेच तीन मुद्दे होत. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मामा उधळ्या नव्हता. तो कष्टाळू होता, हप्ते भरणारा होता. तरीही तो बुडाला. तेव्हा कर्जबाजारीपणा म्हणजे नीतिभ्रष्टतेचे फळ, हे समीकरण बाबांच्या स्वतःच्या अनुभवातूनच निघत नाही. हे पुढे उपयोगी पडेल.

४

आता प्रत्यक्ष सल्ल्याकडे वळू. बाबांच्या कीर्तनांत वारंवार येणारी सूचना अशी: लग्नासाठी कर्ज काढू नका, देवाला नवस म्हणून बकरे कापू नका, दारूला शिवू नका, तीर्थाला जाऊन पैसा उधळू नका, आणि मुलाला शाळेत घाला. याच्या जोडीला त्यांचा तो प्रसिद्ध आग्रह येतो. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडा आणि भाकरी हातावर घेऊन खा, घरधनिणीला हलक्या किमतीचे लुगडे आणा, व्याह्याचा पाहुणचार आखडता घ्या, पण पोराच्या शिक्षणाला पैसा नाही असे म्हणू नका, असा त्याचा आशय आहे.

हे वाक्य आपण त्यागाचे उद्गार म्हणून ऐकतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात त्यागाहून अधिक काही आहे. त्या काळच्या वऱ्हाडी घरात तांब्यापितळेची भांडी हे केवळ स्वयंपाकाचे साहित्य नव्हते. ती घरची शिल्लक होती. सुगीला हाती रोकड आली की एखादा हंडा किंवा परात घ्यावयाची, आणि अडचणीच्या दिवसांत तीच सावकाराकडे गहाण ठेवावयाची किंवा मोडीच्या भावाने विकावयाची, ही रीत होती. म्हणजे भांडे हे बचतीचे रूप होते, आणि तेच कर्जाचे तारणही होते. घरातील धातू जेवढा अधिक, तेवढी सावकाराकडील पत अधिक. बाबा जेव्हा ताट मोडावयास सांगतात, तेव्हा ते उपाशी राहावयास सांगत नाहीत. भाकरी आहेच, फक्त ती हातावर आहे. जी शिल्लक सावकाराच्या दारी जाऊ शकते ती, दारी जाण्यापूर्वीच, अशा रूपात बदलून घ्या की जिच्यावर कोणाला जप्ती आणता येणार नाही, असे ते सांगत आहेत. अक्षरज्ञान गहाण पडत नाही. शिवाय, ज्याला वाचता येते त्याच्या कर्जाची वहीही त्याच्या नजरेखालून जाते. मामाच्या कथेतील दोष नेमका येथे भरून निघतो.

याच काळातील एका जागतिक घटनेशी याची तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले; कर्जाचे आकडे मात्र पूर्वीचेच राहिले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोन्याचा भाव रुपयांत वाढला, आणि हिंदुस्थानातील खेड्यापाड्यांतून सोने बाहेर पडून फार मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले. त्यातील बरेचसे सोने अडलेल्या कुटुंबांनी सारा व व्याज भागविण्यासाठी विकलेले होते. घरातली शिल्लक तेव्हाही मोडलीच. पण ती गतकाळाचे देणे चुकविण्यात गेली. बाबांनी सांगितलेली मोड पुढच्या पिढीच्या खात्यावर जमा होणारी होती. धातू घरातून जाणार हे दोन्हीकडे सारखेच. तो कोठे जातो, हा खरा प्रश्न होता.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली आपल्या अध्यक्षीय भाषणात शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून मनुष्यातील भांडवलाची गुंतवणूक होय, असे मांडले, व तेथून त्या विचाराला विद्यापीठीय प्रतिष्ठा प्राप्त झाली. बाबांना शुल्ट्झचे पूर्वसूरी ठरविण्याचा मोह टाळलेला बरा. शुल्ट्झ यांचा प्रश्न राष्ट्राचे उत्पन्न कसे वाढते हा होता. बाबांचा प्रश्न निराळा होता: गरिबाचे घर दुसऱ्याच्या मुठीतून कसे सुटेल? शिक्षणाने अधिक पगार मिळेल यापेक्षा शिक्षणाने फसवणूक टळेल, हे त्यांच्या दृष्टीने पहिले होते. गुंतवणुकीचा परतावा त्यांनी उत्पन्नात न मोजता स्वाधीनतेत मोजला. त्यांच्या अर्थविचाराचे वैशिष्ट्य सांगावयाचे तर ते हे होय.

५

आशयाइतकाच त्याचा आविष्कारही विचारात घेतला पाहिजे, कारण येथे रूपालाही आर्थिक अर्थ आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग अशी रचना असते. वारकरी कीर्तन एखाद्या अभंगाच्या निरूपणावर उभे असते. बाबांनी या दोहोंतील साहित्य घेतले. पण त्यांचा खरा आधार प्रश्नोत्तर हा होता. ते समुदायाला विचारीत आणि समुदाय मोठ्याने उत्तर देई. कशाला किती पैसे पडले, कोणी दिले, परत कसे फेडले, अशा क्रमाने एकेक आकडा श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेतला जाई. वऱ्हाडी बोलीतील हा संवाद ऐकताना विनोदाचा भास होतो, आणि हशाही उसळतो. परंतु हशा ओसरल्यावर लक्षात येते की, हजारो माणसांनी मिळून एका घराचा जमाखर्च मांडून पाहिला आहे.

लग्नाचा खर्च ही खाजगी बाब दिसते. वस्तुतः ती तशी नाही. वधूपिता कर्ज काढतो तो हौसेने क्वचित. बहुधा ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने. शेजाऱ्याने पाच पंगती उठविल्या असता आपण दोनच उठविल्या तर इभ्रत जाते. अशा चढाओढीत एकट्याने हात आखडता घेतला तर नुकसान त्याचे एकट्याचे होते. सर्वांनी मिळून घेतला तर कोणाचेच होत नाही. म्हणून एकट्याला कानात सांगितलेला सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. तो सर्वांच्या देखत, सर्वांकडून होकार घेऊन सांगावा लागतो. बाबांच्या कीर्तनातील सामुदायिक होकार हा केवळ रंजनाचा भाग नव्हता. ज्या ‘लोकां’च्या धाकाने खर्च होतो त्याच लोकांनी त्या रात्री त्या खर्चाविरुद्ध कौल दिलेला असे. दुसऱ्या दिवशी साधे लग्न लावणाऱ्याला निदान एवढे म्हणता येत होते की, तुम्हीच काल होकार दिला.

या सल्ल्याला वजन कशाने आले, हेही पाहिले पाहिजे. सल्ला देणाऱ्याचा त्या व्यवहारात स्वतःचा लाभ नसावा, ही अपेक्षा जुनीच आहे. आपल्या भांडवल बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे: सल्ल्याची फी आणि विक्रीची दलाली यांत अंतर राहिले पाहिजे. गाडगेबाबांच्या बाबतीत हे अंतर त्यांच्या वेषातच दिसत असे. हाती फुटके गाडगे व खराटा, अंगावर चिंध्या. गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहणे. आणि जमलेल्या पैशावर स्वतःचा हक्क न सांगणे. आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मांसाची पंगत न देता गोडाचे जेवण त्यांनी घातले, असे चरित्रकार सांगतात. उपदेशाचा प्रारंभ स्वतःच्या घरच्या खर्चापासून झालेला होता.

६

यापुढे मूलभूत आक्षेपाकडे येऊ. शेतकरी लग्नकार्यांमुळे कर्जबाजारी होतो, हे विधान मुळात कितपत खरे आहे?

१८७५ च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने या प्रश्नाचा विचार केला होता. लग्नसमारंभांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले जाते, असे मत त्या आयोगाने नोंदविले. असा खर्च प्रसंगी ऐपतीबाहेरचा असला तरी तो प्रसंग क्वचितच येतो. अनेक वर्षांच्या हिशेबात तो फारसा भरत नाही, असा त्याचा अभिप्राय होता. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दारिद्र्याची कारणे शेतसारा, नोकरशाही, धर्माच्या नावाने होणारी लूट आणि अज्ञान यांत शोधली आहेत. पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जावरील १९२५ च्या आपल्या ग्रंथात माल्कम डार्लिंग यांनी आणखी एक सत्य पुढे आणले. कर्ज केवळ दारिद्र्याने वाढत नाही. जमिनीला भाव आला की पत वाढते, आणि पत वाढली की कर्जही वाढते. वऱ्हाडातील कापसाच्या तेजीला हे विधान सहज लागू पडावे.

या साक्षी एकत्र ठेवल्या तर बाबांचे निदान अपुरे ठरते, हे मान्य केले पाहिजे. कापसाचा भाव, पाऊस, साऱ्याची सक्ती, सावकाराचा दर यांपैकी कशावरही त्यांच्या कीर्तनात सविस्तर विचार नाही. १९३३ चा कर्ज-तडजोडीचा, १९३४ चा सावकारीचा आणि १९३९ चा कर्जनिवारणाचा असे कायदे मध्यप्रांत-वऱ्हाडात झाले, ते बाबांच्या भर कीर्तनाच्या काळातच. परंतु कायद्याने कर्ज हटेल ही भाषा त्यांच्या तोंडी नाही. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होते, आणि सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास होता. अशा स्थितीत ‘कर्ज काढू नका’ हा उपदेश बी-बियाण्यासाठी रक्कम उचलणाऱ्याला काय उपयोगी पडणार होता?

तथापि या आक्षेपाचेही दोन भाग करून पाहणे जरूर आहे. आयोगाचा हिशेब सरासरीचा होता. लग्नाचा खर्च क्वचित येतो हे खरे. पण तो येतो तेव्हा एकरकमी येतो, आणि कर्जाची वाढ सरासरीने होत नाही. शेकडा दरमहा दोन रुपये या दराने शंभर रुपये घेतले, आणि वर्षअखेर व्याज मुद्दलात मिळविले, तर तीन वर्षांत सुमारे १९१ व सहा वर्षांत सुमारे ३६४ रुपये होतात. मधल्या काळात एखादा हंगाम बुडाला की तेवढ्यावरच गहाणखत लिहून द्यावे लागते. पिकाच्या कर्जामागे निदान पीक असते. पंगतीच्या कर्जामागे काहीच नसते. म्हणून रकमेने लहान असलेले कर्ज परिणामाने मोठे होऊ शकते. बाबांचे निदान कर्जाच्या उगमाचे म्हणून अपुरे आहे, पण जमीन नेमक्या कोणत्या वाटेने हातची जाते याचे म्हणून ते पुष्कळ अंशी खरे आहे.

दुसरे असे की, सल्ला आणि कारणमीमांसा या भिन्न गोष्टी आहेत. समोर बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे, एवढेच सल्लागार पाहतो. मँचेस्टरचा भाव त्या श्रोत्याच्या हातात नव्हता, पंगत होती. जे हातात आहे त्याविषयी बाबा बोलले. यावरून जे हातात नाही त्याची जबाबदारीही त्यांनी श्रोत्यावर टाकली, असे अनुमान काढणे न्याय्य नव्हे.

७

याचा पुरावा त्यांच्या धर्मशाळांत आहे. काही खर्च असे असतात की, ते कितीही काटकसर केली तरी गरिबाला टाळता येत नाहीत. आजारी माणसाला घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेलेल्या खेडुताला महिना-महिना राहावे लागते. औषध एक वेळ फुकट मिळेल. नातेवाइकाला पाठ टेकण्यास जागा फुकट मिळत नाही. यात्रेकरूला, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूला, पंढरपुरात उभे राहण्यास जागा नव्हती. अशा ठिकाणी बाबांनी ‘खर्च करू नका’ असे सांगितले नाही. त्यांनी इमारत बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी झालेली धर्मशाळा, मूर्तिजापूरचे कार्य आणि १९५२ साली स्थापन झालेले गाडगे महाराज मिशन, ही या विचाराची मालिका होय. चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. निवाऱ्यासाठी घातलेले भांडवल शिक्षणाच्या कामी वळले.

येथे एक विरोध दिसतो. तीर्थयात्रेवर पैसा उधळू नका म्हणणारा माणूस तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा का बांधतो? विरोध वरवरचा आहे. कोणी जाणारच असेल, तर त्याचा खर्च व त्याचा अपमान दोन्ही कमी व्हावेत, ही त्यामागील भूमिका आहे. देवळात घालावयाचा पैसा त्यांनी माणसाच्या निवाऱ्यात घातला, म्हणजे दानाचीही दिशा बदलली. घरापुरता नियम असा की, जप्त होणारी मत्ता सोडून जप्त न होणारी जोडा. समाजापुरता नियम असा की, एकेकट्या घराला न पेलणारा खर्च सर्वांनी मिळून पेला. पहिला नियम कीर्तनात आहे, दुसरा दगडाविटांत. दोन्ही मिळून तो विचार पूर्ण होतो.

८

तरीही मर्यादा राहतात, आणि त्या सांगितल्याखेरीज चिकित्सा पुरी होत नाही.

पहिली मर्यादा स्त्रीविषयक आहे. घरखर्चाला कात्री लावताना ती प्रथम घरधनिणीच्या लुगड्याला लागते, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. घरातील भांडे आणि अंगावरचा डाग हे पुष्कळदा स्त्रीच्या हातातील एकमेव धन असे. ते मोडून मुलाला शाळेत घालण्याचा निर्णय उदात्त खरा. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न बाबांच्या संवादात विचारला जात नाही. १९०५ साली बाबांनी घर सोडल्यावर पत्नी कुंताबाई यांनी जे कष्ट काढले, ते पाहता विरक्ताच्या अर्थशास्त्रालाही एक न दिसणारी खर्चाची बाजू असते, हे मान्य करावे लागते.

दुसरी मर्यादा काळाने निर्माण केली आहे. ताट मोडून शिक्षण होत होते तेव्हा शिक्षणाची किंमत ताटाएवढी होती. आज व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कासाठी शेत गहाण टाकावे लागते, व शिक्षण हेच कर्जाचे एक कारण होऊन बसले आहे. मुलाला शिकवा हा उपदेश जशाच्या तसा उच्चारताना, कोणत्या शाळेत, कोणत्या किमतीस आणि त्यापुढे कोणत्या कामाच्या भरवशावर, हे प्रश्न आता जोडावे लागतील. बाबांची कसोटी लावावयाची झाल्यास ती अशी लावता येईल: या शिक्षणाने घर अधिक स्वाधीन होते की अधिक पराधीन?

तिसरी गोष्ट मर्यादेहून अधिक दुरुपयोगाची आहे. पश्चिम विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांची चर्चा निघाली की, लग्ने साधी करा, व्यसने सोडा, हे बाबांचे सांगणे काही वक्ते शेतकऱ्याला ऐकवितात, आणि तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानतात. २००८ ची केंद्राची आणि २०१७ व २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफीच्या योजना प्रामुख्याने संस्थात्मक कर्जापुरत्या राहिल्या. घरगुती गरजेसाठी खाजगीरीत्या उचललेले पुष्कळसे कर्ज त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. उलटपक्षी, रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्मकर्जाविषयी घातलेल्या नियमानुसार कर्जदार कुटुंबाचे हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होऊ नयेत, अशी जबाबदारी आता कर्ज देणाऱ्यावर आहे. म्हणजे संयम घेणाऱ्याने पाळावयाचा, तसाच देणाऱ्यानेही, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले आहे. बाबांचे कीर्तन केवळ घेणाऱ्याशी बोलले, कारण समोर तोच बसला होता. आज जे वक्ते तेच शब्द उच्चारतात, त्यांच्यासमोर पुष्कळदा देणारेही बसलेले असतात, आणि धोरण ठरविणारेही. श्रोता बदलला असता उपदेश तोच ठेवणे ही बाबांच्या पद्धतीशी प्रामाणिकपणा नव्हे.

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. गाडगेबाबांचा अर्थविचार म्हणजे काटकसरीचा सुभाषितसंग्रह नव्हे. गरीब घराने आपली अल्प मत्ता कोणत्या रूपात ठेवावी, याविषयीचा तो एक स्पष्ट सिद्धान्त आहे, आणि त्याचे मूल्यमापन उत्पन्नाने न करता स्वाधीनतेने करावयाचे आहे. कर्जाची कारणे सांगण्यात तो अपुरा पडतो. स्त्रीच्या वाट्याचा हिशेब त्यात नाही. परंतु जो भार एकट्याने पेलत नाही तो समाजाने उचलावा, ही त्याची दुसरी बाजू धर्मशाळांच्या रूपाने उभी आहे. कीर्तनाचा आधार घेऊन शेतकऱ्याला दोष देणाऱ्याने या बाजूलाही उत्तर दिले पाहिजे. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे बाबांचे नाव देण्यात आले. ते नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या मराठी व अर्थशास्त्र विभागांनी मिळून वांद्र्याच्या ध्वनिमुद्रणाची चिकित्सक संहिता सिद्ध करावी, आणि वलगाव, दापुरे, ऋणमोचन या परिसरातील जुनी गहाणखते व सावकारी वह्या जेथे उपलब्ध होतील तेथे त्या संहितेच्या शेजारी ठेवून वाचाव्यात. मामाच्या शेताची हकीकत चरित्रांतून आपल्याला ठाऊक आहे. तशीच इतर किती शेते कोणत्या रकमेवर गेली, हे त्या वह्याच सांगू शकतील.